बाबांना वाचून दाखवलेला ब्लॉग

दोन वर्षं मी ब्लॉग लिहीत होते आणि तो जवळजवळ कोणीच वाचत नव्हतं. अमरावतीत एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर माझी नोकरी. गर्दी ओसरली की मोबाईलवर चार ओळी टाइप करायच्या, कोणी समोर आलं की मोबाईल पालथा घालायचा. अंबाडीच्या भाजीवर लिहिलं, कूलरच्या आवाजावर लिहिलं, घरमालकिणीवर लिहिलं. वाचणाऱ्या दोन मैत्रिणी. त्यांना विचारलं की म्हणायच्या, "वाचते ना, वेळ मिळाला की." बंद करावं असं कितीदा वाटलं, पण सवय लागली होती.

मग एकदा मी माझ्या घटस्फोटावर लिहिलं. तो शब्द अगदी शेवटी आला. बाकी बहुतेक एकटीनं बाजारात जाण्याबद्दल होतं. पाव किलो वांगी तोलता तोलता भाजीवालीनं विचारलं, "घरी कोनी नाही काय?" आणि मला उत्तर सुचलं नाही, एवढीच गोष्ट. पण लिहून झाल्यावर पहिल्यांदा वाटलं, आपल्याला लिहिता येतं. लोकांनी ते वाचलं, एकमेकांना पाठवलं. अनोळखी बायकांनी आपापल्या कहाण्या खाली लिहिल्या. मी हवेत होते.

हवेत असल्यामुळे एक गोष्ट डोक्यात आलीच नाही. अकोल्यात बाबांनी नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं, जावई पुण्याला असतात, पोरगी नोकरीसाठी अमरावतीला. तसं सांगायचं म्हणून काही ठरलं नव्हतं. कोणीतरी विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, आणि मग तेच चालू राहिलं. मीही कधी खोडलं नाही.

थोड्याच दिवसांत चुलत भावाचं लग्न निघालं, अकोल्यातच. हळदीच्या दिवशी मंगल कार्यालयात आम्ही बायका सतरंजीवर बसलो होतो. बाबा चहाचा ट्रे फिरवत होते. तेवढ्यात आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, मोबाईल पुढे धरून आली. तिला हळू बोलता येत नाही.

"काहून वं, हे तूच लिवलं काय?"

नात्यातल्या कोणीतरी कुटुंबाच्या ग्रुपवर ब्लॉग टाकला होता. वर माझं नाव, फोटो.

"हाव," मी म्हणाले.

"मंग तुहा बाप तर म्हने जावई पुन्याले हाये!"

बायका वळून बाबांकडे बघू लागल्या. बाबांनी ट्रे एका खुर्चीवर ठेवला आणि कोणाकडे न बघता ते बाहेर निघून गेले. एवढ्या लोकांत बापाला खोटं पाडलं, आणि तेही कशासाठी, तर अनोळखी लोकांनी छान म्हणावं म्हणून. मला तिथून उठताही येईना. उठले तर सगळ्या बघतील, बसले तर आत्या पुढचं विचारेल.

शेवटी उठलेच. बाबा मागच्या बाजूला, आचाऱ्यांच्या भट्ट्यांपलीकडे, आपल्या स्कूटरवर बसले होते.

"बाबा, मी काढून टाकतो ते. आत्ताच काढतो."

"काय लिवलं तेच मले माहीत नाही," ते म्हणाले. "चष्मा घरी राहिला. वाचून दाखव."

अनोळखी लोकांसमोर जे बिनधास्त टाकलं होतं, ते बापासमोर मोठ्यानं वाचताना मी अडखळत राहिले. बाजार, वांगी, भाजीवाली, सगळं खाली मान घालून वाचलं. मग ती ओळ आली, सगळ्यात जास्त लोकांना आवडलेली. ती गाळावी असं वाटलं, पण वाचली: 'कोर्टातून परतले त्या संध्याकाळी माहेरून कोणाचाही फोन आला नाही.'

"थांब," बाबा म्हणाले. "मी केला व्हता फोन. तू उचलला नाही."

मला आठवलं. फोन वाजत होता, बाबांचं नाव दिसत होतं, आणि मी तो उशीखाली सरकवला होता. लिहिताना हे मला माहीत नव्हतं असं नाही. फोन आला नाही, असं लिहिलं की वाक्य जास्त लागतं, म्हणून तसं लिहिलं होतं. आत्यासमोर वाटली ती लाज या लाजेपुढे काहीच नव्हती. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

"नवऱ्याचं लिवलं त्याचं काही नाही," ते म्हणाले. "ते झालंच हाये. पन हे तं झालं नाही ना पोरी."

"पुसून टाकतो सगळं."

"सगळं काहून? जे चुकलं ते नीट कर."

मी तिथंच उभ्यानं ती ओळ बदलली. 'बाबांचा फोन आला, मी उचलला नाही.' वाक्य साधं झालं, पहिल्यासारखं लागेना. बाबा वाट बघत बसले होते. झालं म्हटल्यावर उठले आणि आत जाऊन आत्याला म्हणाले, "बाई, जावई पुन्याले नाही. पोरगी मोकळी झाली. मीच खोटं बोललो." आत्यानं हातातला मोबाईल पिशवीत ठेवून दिला. जेवणाच्या पंगतीत काहीजणी माझ्या शेजारी बसायचं टाळत होत्या. बाबांनी मात्र त्या दिवशी पुन्हा चहा वाटला नाही. एका कोपऱ्यात बसून राहिले.

पुढं बऱ्याच दिवसांनी चांदूर बाजारच्या एका मावसबहिणीचा मेसेज आला. तिलाही लिहायचं होतं. 'सुरुवात कशी करू? आणि घरच्यांनी वाचलं तर?'

'वाचतीलच,' मी कळवलं. 'तरी लिही. पहिले काही महिने कोणी वाचणार नाही, तेवढ्यात हात बसेल. आणि घरातल्या ज्या माणसावर लिहिलंस, त्याला आधी स्वतः वाचून दाखव. लाज वाटेल. मला अजून वाटते.'

तिनं विचारलं, 'मोबाईलवर मराठी कसं टाइप करतेस?' मग आम्ही ते बोलत बसलो.