सैमावहिनीच्या दुर्बिणीची उंची

आमच्या सैमावहिनीचं सगळं आयुष्य उंचीशी भांडण्यात गेलं. बाई उभी राहिली तर माझ्या खांद्याला लागते, आणि मी काही ताड नव्हे. शाळेची बस चालवायची तेव्हा बुडाखाली उशी अन् पाठीला दुसरी उशी. समोरून बघणाऱ्याला वाटायचं, बस आपली आपणच चाललीये. सॉनातल्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातल्या, वरच्या बाकावर चढताना ती पाय टाकायला बादली पालथी घालते आणि मग वर बसून आम्हालाच विचारते, का गं, खाली थंडी वाजते का?

ही माझ्या धाकट्या भावाची, तौनोची बायको. तौनो गेला आणि त्याची रायफल हिच्याकडे आली. हरणांच्या शिकारीचा हंगाम म्हणजे आमच्याकडे दिवाळीच समजा. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला शाळा बंद, अर्धी दुकानं बंद, आणि आमचं सगळं खानदान जंगलातल्या कॅम्पवर. तौनोचं मचाण देवदारांच्या दलदलीकडेला, सगळ्यात चांगल्या जागी. रायफलीबरोबर मचाणही वहिनीकडे आलं. आणि तिथेच गोची झाली.

कारण तौनो होता उंच, लांब मानेचा, भोपळ्याएवढ्या डोक्याचा. त्याने रायफलीवर नेमाची दुर्बीण बसवली होती ती चांगली उंच कड्यांवर. कड्यांच्या खालून नळीवरची नेमाची जुनी लोखंडी खूणही दिसली पाहिजे, म्हणजे दुर्बिणीवर बर्फ बसलं तर खालून बघता येईल, असा त्याचा हिशोब. त्याला ते जमायचं. वहिनीला मात्र रायफलीच्या दस्त्यावर गाल टेकला की समोर दिसायची नुसती दुर्बिणीची खालची बाजू. मग बाई गाल उचलायची, हनुवटी दस्त्यावर ठेवायची आणि कुंपणावरून शेजाऱ्याकडे डोकावल्यासारखी नेम धरायची. डोकं असं अधांतरी असल्यावर नेम काय लागणार? पहिल्या वर्षी चुकला. दुसऱ्या वर्षी चुकला.

आणि आमच्या कॅम्पवर नेम चुकला की माफी नाही. शर्टाचं मागचं शेपूट कात्रीने कापायचं, त्यावर नाव लिहायचं आणि भिंतीवर ठोकायचं. माझ्या आजोबांचंही शेपूट तिथे आहे, उंदरांनी कुरतडलेलं. वहिनीची दोन शेजारी-शेजारी लागली, आणि दुसरं ठोकताना आमचा थोरला भाऊ, ओयवादादा, हातोडी खाली ठेवून म्हणाला की पुढच्या वर्षी तिसरं लागलं तर मचाण त्याच्या जावयाला, कर्टिसला. सैमाने मग चूल सांभाळावी.

 घरी जाताना वहिनी गाडीत मला म्हणाली, "वन्सं, बेचाळीस मुलं बसमध्ये गप्प बसवली मी. हा एक म्हातारा काय आहे?"

उन्हाळ्यात तिने दादाला सांगितलं, खोट नेमात नाही, दुर्बिणीच्या उंचीत आहे. दादा नाकावर माशी बसू देत नाही. तो म्हणाला, माझ्या भावाने बसवलेल्या दुर्बिणीत खोट नाही, खोट असेल तर बाईच्या डोळ्यात. दाखवतोच. सगळे खडीच्या खाणीत गेलो. दादाने रायफल उचलली, गाल टेकवला, काही दिसेना, गाल उचलला, मान पुढे काढली, आणखी थोडी पुढे काढली, आणि चाप ओढला. बार झाला, रायफल मागे आली आणि दुर्बिणीची मागची धार दादाच्या भुवईत बसली. समोरच्या कागदाला मात्र ओरखडासुद्धा नाही.

रविवारी चर्चमध्ये त्याच्या भुवईवर अशी छान चंद्रकोर. विचारेल त्याला सांगत होता, कपाटाचं दार लागलं. आमच्या गावात असल्या कपाटाचा मार प्रत्येकाने कधी ना कधी खाल्लेला आहे. स्तोत्र म्हणताना मागची अख्खी रांग हसू दाबत हलत होती. मी तर रुमाल तोंडात कोंबला होता. तरी दादाचा हेका कायम: दुर्बीण वाटेल तशी बसव, पण तिसरं शेपूट लागलं की मचाण गेलं.

मग वहिनीच्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा सुरू झाली. मदतीला कोण, तर कर्टिस. ज्याला मचाण मिळायचं तोच स्क्रू फिरवायला हजर. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा जावई.

सगळे म्हणायचे दुर्बीण जितकी खाली तितकी बरी, म्हणून वहिनीने आधी सगळ्यात बुटक्या कड्या आणल्या. तिला वाटलं, बुटक्या बाईला बुटक्या कड्या. बसवल्या तर पुढचं मोठं भिंग नळीवरच टेकलं. कागदाचा कपटासुद्धा मधून जाईना. आणि गोळी भरायला बोल्टची मूठ वर उचलली की दुर्बिणीच्या मागच्या टोकावर आपटायची. त्या परत गेल्या, मधल्या आल्या. त्या बसवून वहिनीने रिकामी रायफल पुन्हा उघडून बघितली, डोळे मिटले, उशीवर टेकावा तसा गाल दस्त्यावर टेकवला आणि मग डोळे उघडले. समोर पूर्ण गोल, मधोमध फुली. बाईने तिथल्या तिथे गिरकी घेतली.

आम्ही कॉफी ओतली, केक कापला. आणि मला एकदम आठवलं की ती सुती झग्यात आहे. ऑगस्ट महिना! नोव्हेंबरात ही बाई कानटोपी घालते, तिचे लोकरीचे कानपट्टे हनुवटीखाली बांधते, वर मफलर. गाल आणि दस्ता यांच्यामध्ये एक अख्खी मेंढी येते.

"आणा सगळं," वहिनी म्हणाली.

पोटमाळ्यावरून पेटी उतरवली. दोन स्वेटर, तौनोचा लोकरी शर्ट, जाड कोट, कानटोपी, मफलर, हातमोजे. बाहेर माणसं तळ्यात डुंबत होती आणि वहिनी स्वयंपाकघरात घामाने निथळत, डोळे मिटून, टेबलाशी रायफल घेऊन बसली होती. नेमके तेव्हाच पाद्रीबाबा कॉफीला आले. दारातच थबकले. कर्टिसने त्यांना खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं, "काकू उंची बघताहेत."

पाद्रीबाबांनी टोपी काढली, बसले, दोन तुकडे केक खाल्ला आणि म्हणाले की कानपट्टा गालावरून मागे वळवून बांधला तर? शेवटी तेही शिकारीच. उजवा कानपट्टा मागे, डावा खाली, मफलर कोटाच्या आत. एक कान उघडा राहिला तर राहू दे. पुन्हा डोळे मिटले, उघडले. पूर्ण गोल. पाद्रीबाबांनी आमेन म्हटलं, आम्ही हसून हसून खाली बसलो. मग खाणीत जाऊन, तोच सगळा अवतार करून, कागदावर नेम जुळवून घेतला. शेवटच्या तीन गोळ्या एका बशीत मावतील अशा पडल्या.

पंधरा तारीख उजाडली. बर्फ घोट्याएवढं. मंडळी आपापल्या मचाणांवर गेली. कर्टिसला अजून मचाण नव्हतं, म्हणून तो आणि मी चुलीशी. पेस्टी, म्हणजे खिमा भरलेल्या मोठ्या करंज्या, करायला मी पीठ मळायला घेतलं तर त्याने परात माझ्या हातून ओढून घेतली. खिमा, बटाटा, कांदा, सलगमाचा कंद, सगळं त्याने असं बारीक चिरलं की मी बघतच राहिले. पण दर दोन मिनिटांनी खिडकीशी जायचा आणि काहीतरी पुटपुटायचा. मला वाटलं, वहिनीचा नेम चुकावा म्हणून नवस बोलतोय. मनात म्हटलं, बघा, पोटातलं ओठावर आलंच.

दलदलीकडून एक बार ऐकू आला. मग काही नाही. दुसरा बार नाही म्हणजे एक तर गोळी नीट लागली, नाही तर हरीण कधीच पसार झालं. कर्टिस पिठाच्या हातांनी माझा हात धरून उभा.

बार ऐकून दादा आणि बाकीचे परत आले. दादाने आल्या आल्या खिळ्यावरची कात्री काढली. बऱ्याच वेळाने वहिनी आली. एक कान लालबुंद, नाक लालबुंद, भुवई मात्र कोरी. तिने बूट झटकले, हातमोजे चुलीवर वाळत घातले, कॉफी ओतून घेतली. कुणाकडे बघेना. दादा कात्री घेऊन तिच्यासमोर गेला आणि म्हणाला, वळ.

"वळते की," वहिनी म्हणाली. "पण आधी दोर घ्या भावोजी. आठ टोकांची शिंगं आहेत, मला एकटीला ओढवत नाही."

 मग कर्टिसने जी आरोळी ठोकली ती ऐकून छपरावरचं बर्फ खाली आलं. त्याने वहिनीला उचललं, गरागरा फिरवलं, तिच्या कोटावर पिठाचे दहाही बोटांचे ठसे उमटले.

दादा बघतच राहिला. "अरे, तुझं मचाण गेलं आणि तू नाचतोस?"

"मामंजी, मला त्या फळीवर बसायचंच नव्हतं. माझे पाय गोठतात. मला हरणाची दया येते. मला स्वयंपाक आवडतो."

"मग आधी बोलला का नाहीस?"

"तुम्ही कुणाला बोलू देता?"

यावर सगळा कॅम्प असा हसला की दादालाही ओठ आवरेनात. त्याने कात्री परत खिळ्याला लावली आणि घसा खाकरून जाहीर केलं की दलदलीचं मचाण सैमाचं, ती जिवंत आहे तोवर, आणि चूल कर्टिसची. मग दोर खांद्यावर टाकून दारात गेला आणि कुठल्या बाजूला जायचं म्हणून वळून विचारलं.

वहिनीच्या तोंडात गरम पेस्टी होती. तिने नुसतं बोट दाखवलं.