पत्त्यावरचा माणूस

मोरोक्कोतल्या टँजिअरच्या विमानतळावर आम्ही नवरा-बायको पहिल्यांदाच दोन वेगळ्या देशांचे नागरिक म्हणून उतरलो. नवऱ्याने नवाकोरा जर्मन पासपोर्ट पुढे केला, शिक्का घेतला आणि पलीकडे जाऊन उभा राहिला. मी माझा निळा भारतीय पासपोर्ट आणि व्हिसाची प्रिंट घेऊन आणखी वीस मिनिटं ताटकळले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "परदेशी बायको घेऊन फिरताना कसं वाटतंय?" तो हसला नाही. हा विषय निघाला की त्याचा चेहरा उतरायचा, कारण आपण जर्मन झालो हे त्याने एका माणसापासून लपवून ठेवलं होतं. तो माणूस म्हणजे त्याचे वडील.

माझे सासरे साताऱ्याला पोलीस हवालदार होते. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांच्याकडे पासपोर्टच्या चौकशीचं काम होतं. अर्ज करणारा माणूस दिलेल्या पत्त्यावर खरोखर राहतो का, हे घरी जाऊन बघायचं, शेजाऱ्यांना विचारायचं. त्या घरांत आपण कधी चहासुद्धा घेतला नाही, हे ते अजून सांगतात. मुलाचा पासपोर्ट आला तेव्हा त्यांनी त्याची झेरॉक्स काढून, लॅमिनेट करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. ती अजून तिथेच आहे.

आम्ही गेली बारा वर्षं जर्मनीत झिंडेलफिंगेनला राहतो. नवऱ्याच्या कारखान्यातली माणसं कमी व्हायला लागली, तेव्हा तो धास्तावला. नोकरी गेली तरी देश सोडावा लागू नये म्हणून त्याने नागरिकत्वाचा अर्ज भरला. मी भरला नाही. "कधी घरी पळत जायची वेळ आली तर एकाला तरी जाता यायला हवं," असं मी तेव्हा भांडणाच्या भरात म्हटलं होतं. त्याचा भारतीय पासपोर्ट रद्द झाला. व्हिसाशिवाय भारतात येण्याजाण्यासाठी ओसीआय कार्ड मिळतं, ते अजून यायचं होतं. "कार्ड हातात आलं की बाबांना सांगतो," म्हणत त्याने सहा महिने ढकलले, आणि त्या मधल्या काळातच आम्ही शहाण्यासारखी ही सुट्टी काढली.

सकाळ बरी गेली. नवऱ्याने जर्मन शिस्तीत दिवसाचा प्लॅन छापून आणला होता. जुन्या गावात चढउताराच्या गल्ल्या, पायऱ्यापायऱ्यांवर मांजरं, आणि गोंड्यांच्या गवती टोप्या घातलेल्या खेड्यातल्या बायका जमिनीवर पुदिना आणि चीज मांडून बसलेल्या. एका चपलावाल्याने नवऱ्याला हाक मारली, "इंडिया?" तो चटकन "येस, येस" म्हणाला. "खोटं बोललास," मी म्हटलं. मला अशा वेळी गप्प बसता येत नाही.

बारा वाजता आम्ही किल्ल्याच्या तटावर होतो. समोर समुद्र आणि पलीकडे स्पेनचा किनारा दिसत होता. तेवढ्यात साताऱ्याहून नणंदेचा फोन आला. नवऱ्याने तो स्पीकरवर घेतला.

"दादा, बाबा बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर उद्या सकाळी ऑपरेशन करायचं म्हणतायत, पण बाबा सही करत नाहीयेत. म्हणतात, तो आल्याशिवाय मी टेबलावर जाणार नाही. या वयात असंच पडून राहिले तर छाती भरेल, मग आमच्या हातात काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. रात्री नऊपर्यंत सांगायचंय."

नऊ म्हणजे आमच्या घड्याळात साडेचार. नवरा म्हणाला, "तिकीट मिळत नाहीये गं. बघतो मी." त्याने अजून एकही तिकीट बघितलं नव्हतं.

फोन ठेवून त्याने खिशातून प्लॅनचा कागद काढला. "आल्झो, तर मग आता मासळीबाजार," असं म्हणून तो उतरायला लागला. माझं डोकंच फिरलं. पण मी त्याच्या मागून गेले, कारण तो फार भरभर चालत होता आणि त्या गल्ल्यांत चुकला असता. मासळीबाजारात आम्ही एकही मासा बघितला नाही. ओल्या फरशीवर उभं राहून मी म्हटलं, "मी आज निघते. मला व्हिसा लागत नाही."

"त्यांना तू नकोयस," तो म्हणाला.

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, "मग खरं सांग त्यांना. तू उद्या येशील या आशेवर ते सही करत नाहीयेत. त्यांना काही झालं तर ते तुझ्या या खोटेपणामुळे होईल." इतकं बोलायला नको होतं. आजूबाजूचे दोन कोळी आमच्याकडे बघायला लागले, तेव्हा तो बाहेर पडला आणि समोरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसला.

पुदिन्याचा गोड चहा आला. नवऱ्याने फोनवर भारताच्या ई-व्हिसाचा फॉर्म उघडला. जन्मगाव सातारा. नागरिकत्व जन्माने की नंतर मिळालेलं? नंतर. आधीचं नागरिकत्व? भारत. तो एकेक रकाना भरत गेला. मग एका जागी थांबला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. यापूर्वी आपण भारतात आला होतात का?

"काय लिहू?" त्याने विचारलं.

"हो लिही."

"कुठे राहिला होतात, तो पत्ता विचारतायत."

त्याने साताऱ्याच्या घराचा पत्ता लिहिला. जर्मनीतला ओळखीचा माणूस म्हणून माझं नाव टाकलं आणि भारतातला ओळखीचा माणूस म्हणून बाबांचं. अर्ज गेला. उत्तर यायला तीनएक दिवस लागतील असं लिहून आलं. चार वाजून गेले होते.

"मी सांगू का त्यांना?" मी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि स्वतःच बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. तिने फोन बाबांसमोर धरला. दाढीचे खुंट वाढलेले, चष्मा नाही. मला रडू आलं, ते मी ओढणीत लपवलं.

"निघालास का रे?"

"नाही बाबा. मला व्हिसा लागतो."

"कुठला व्हिसा?"

"आपला. भारताचा. मी जर्मन झालोय. सहा महिने झाले."

त्यांनी नजर छताकडे वळवली. मला वाटलं, आता नणंदेला फोन बंद करायला सांगतील. मी नवऱ्याच्या मनगटाला खालून आधार दिला.

"मला सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"भीती वाटली, बाबा."

"जुन्या पासपोर्टचं काय केलं वकिलातीने?"

"कोपरा कापून परत दिला."

त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा आवाज बदलला होता. नोकरीत असताना या आवाजात ते दारात उभं राहून लोकांना प्रश्न विचारत असणार. "अर्जात इथला माणूस म्हणून कुणाचं नाव दिलंस?"

"तुमचं."

"पत्ता?"

"आपल्या घराचा."

त्यांनी मान वळवून लेकीला हाक मारली. "तो कागद आण गं सहीचा. आणि चष्मा दे. चौकशीला कुणी आलं तर मी घरी सापडायला पाहिजे."