गॅपचं कारण

परवा बीडच्या कोर्टातलं काम उरकून अंबाजोगाईला परत निघाले होते. जीप मांजरसुंब्यापर्यंतच होती, म्हणून तिथे एस.टी.ची वाट बघत उभी राहिले... आणि मागून कुणीतरी 'आत्या' म्हणून हाक मारली.

वळून बघितलं तर वैष्णवी. (वैष्णवी म्हणू तिला, खरं नाव नको.) माझ्या नांदूरघाटच्या चुलतभावाची मुलगी. डोक्यावर पदर, कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ. मला ओळखायला क्षणभर वेळ लागला, त्याचीच आधी लाज वाटली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीनंतर तिने लॉची सीईटी दिली होती. मार्क बेताचे पडले, पुणं आणि संभाजीनगर हातचं गेलं. शेवटच्या राउंडला जे कॉलेज लागलं ते नेमकं माझंच जुनं कॉलेज. नाव घेत नाही... यादी खालून वाचायला घेतली तर लवकर सापडतं.

भाऊ तिला घेऊन माझ्या घरी आला. आमच्या भावकीत वकील मी एकटीच. म्हणाला, "ताई, तू तिथंच शिकलीस. पाच वर्सं घालून काय फायदा हाय का न्हाई, तूच सांग. तू म्हणशील ती पूर्व दिशा."

आता मी पडले फटकळ. विचारलं की खरं सांगायचं, ही जुनी खोड. त्यात त्या कॉलेजवर माझा राग होताच. लायब्ररीची किल्ली शिपायाच्या खिशात, आणि शिपाई त्याच्या शेतात! मूट कोर्टच्या, म्हणजे खोट्या खटल्यांचा सराव करायच्या, खोलीत मोडकी बाकडी रचलेली. पास होऊन पहिल्यांदा कोर्टात उभी राहिले तेव्हा साधा तारीख मागायचा अर्ज लिहिता येत नव्हता, आणि माझे सीनियर सगळ्यांसमोर हसले होते. ते सगळं भावापुढे उगाळत बसले.

मध्येच चहा टाकायला उठले, तर वैष्णवी मागोमाग स्वयंपाकघरात आली. हळूच म्हणाली, "आत्या, कॉलेज कसलं का असंना... तुमी फक्त हो म्हणा ना."

मला वाटलं, पोरीला काळ्या कोटाची हौस आहे. म्हटलं, "अगं, हौसेला मोल नसतं, पण पाच वर्षांना असतं." आणि आपल्याच वाक्यावर मी खूशही झाले. बाहेर येऊन भावाला सांगितलं, त्या डिग्रीला काळं कुत्रंसुद्धा विचारत नाही. ती कपबशा गोळा करत होती.

दिवाळीनंतर भाऊ पत्रिका घेऊन आला. तुळशीची लग्नं झाली की लगेच तिचं. म्हणाला, "तू बोललीस ते लई बरं झालं, ताई. स्थळ थांबून होतं. कॉलेजात नाव लागलं असतं तर पाच वर्सं काईच करता आलं नसतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला... फार उशिरा.

कारण माझ्याही वेळी स्थळं यायची. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीवरूनच सांगायचे, पोरगी वकिलीला हाय, सध्या न्हाई. कॉलेजचा नंबर कितवा, हे एकाही पाहुण्याने कधी विचारलं नाही. त्या भिकार कॉलेजने मला कायदा शिकवला नसेल, पण पाच वर्षं माझ्यासाठी ते दारात उभं राहिलं होतं. आणि मी हेच विसरले होते. भावाने मला कॉलेजबद्दल विचारलं होतं... पोरगी मात्र माझ्याकडे पाच वर्षं मागत होती.

भावाला तेव्हा तरी काही बोलायचं होतं मी. नाही बोलले. पत्रिका वाटून झाल्यात, सुपारी फुटली आहे, आता कशाला, असं म्हणत राहिले. लग्नाला गेले, आहेर केला, जेवून आले. एरवी एवढं चालणारं माझं तोंड नेमकं तेव्हा बंद होतं.

परवा वैष्णवीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. उलट म्हणाली, "तुमी खरंच बोलला होता, आत्या. आमच्या शेजारची एक पोरगी हाय तिथं, म्हणती तासच होत न्हाईत." ती मला धीर देत होती हो... मला! रडू आवरायला मी बाळाशी खेळल्यासारखं केलं.

मग तिने रस्त्यापलीकडे बघितलं. नवरा पाण्याची बाटली घेत होता. घाईघाईने विचारलं, "गॅप किती वर्सांचा चालतो?"

म्हटलं, कितीही चालतो. गॅपचं एक अॅफिडेव्हिट लागतं, ते मी करून देते. ती नुसती हसली. तेवढ्यात पाटोद्याची गाडी लागली, नवऱ्याने बाळाला घेतलं, टोपी नीट केली. माणूस वाईट नाही वाटला. ती खिडकीतून हात हलवत गेली.

तुमच्याकडे कुणी अशी मुलगी घेऊन सल्ल्याला आलं, तर कॉलेज कसं आहे ते नंतर सांगा. आधी तिला बाजूला घेऊन विचारा, की बाई, नाही म्हटलं तर तुझं काय होईल?

आज ऑफिसात तिचं अॅफिडेव्हिट टाइप करायला बसले. मजकूर मला पाठ आहे. शिक्षणात खंड का पडला, तिथे आम्ही सगळ्या मुलींना एकच ओळ घालतो... 'घरगुती अडचणीमुळे'. कितीतरी जणींना घातली असेल मी, डोळे मिटून.

आज हात चालेना. ती जागा कोरी सोडून प्रिंट काढली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. ती येईल की नाही, माहीत नाही.

खरं बोलायची खोड आहे ना मला... मग खरं लिहायचं तर तिथे माझं नाव घालावं लागेल.