आंबट हवा आणि आमची इरा

गेल्या शनिवारी सकाळी इथे जर्मनीत, आमच्या र्युसेल्सहाइमच्या स्वयंपाकघरात टेबलावर एक मेणबत्ती, काडेपेटी आणि लोणच्याची रिकामी काचेची बरणी मांडली होती. पूजा नव्हती... सायन्सचा तास होता. (फोटो टाकणार होते, पण कॅमेऱ्याची केबल सापडत नाहीये.)

आधी कारण सांगते. त्या आठवड्यात शाळेत एल्टर्नगेश्प्रेख होतं, म्हणजे वर्गाच्या बाईंशी पालकांची भेट. आमची इरा चौथीत आहे, आणि इथे चौथीतच ठरतं की मूल पुढे गिम्नासियुमला, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या वाटेवरच्या शाळेत, जाणार की दुसऱ्या शाळेत. शिफारस बाई करतात.

बाई म्हणाल्या, पेपर छान आहेत, पण इरा वर्गात हातच वर करत नाही. पुढे तोंडी मार्कांना फार महत्त्व असतं, त्यामुळे शिफारशीचा मला विचार करावा लागेल... नऊ वर्षांच्या पोरीचं भवितव्य! आपल्याकडे दहावीपर्यंत तरी उसंत असते हो.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. खिडक्या पुसल्या, मसाल्याचे डबे घासले, परत खिडक्या पुसल्या. नवरा म्हणाला, "अगं, काचा झिजतील." त्याचं बरं आहे... तो इंजिनिअर, सगळं टॉलरन्समध्ये आहे म्हणतो आणि निवांत झोपतो.

माझं शिक्षण केमिस्ट्रीतलं. ठरवलं, घरीच शिकवायचं, पण धडे पाठ करून घ्यायचे नाहीत. माणसांना एकेक गोष्ट पहिल्यांदा कशी सापडली ते करून दाखवायचं. मग पोरगी आपोआप प्रश्न विचारेल, बोलायला लागेल... असं आपलं मला वाटलं.

मेणबत्ती पेटवली, वर बरणी उपडी घातली. ज्योत बारीक झाली आणि विझली. का विझली सांग... इरा काडेपेटी उघडझाप करत बसली. काहीतरी सांग गं... माझा आवाज चढत चालला होता हे मलाही कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं.

शेवटी मीच सांगून टाकलं. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी काही लोक अशाच बरण्या उपड्या घालत बसले होते. त्यांना कळलं की हवेत एक वेगळा वायू आहे, तो असला तरच ज्योत जळते आणि आपण जगतो. त्याला म्हणतात प्राणवायू.

इराने हळूच विचारलं, "कुठल्या प्राण्यांचा? गाईंचा?"

यात गाई कुठून आल्या? मग डोक्यात प्रकाश पडला. प्राणी तिला माहीत आहेत झूमधले, आणि वायू माहीत आहे तो आजीच्या पोटात होतो तो! मी इतकी हसले, इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसून बघते तर समोरची खुर्ची रिकामी.

ती आत उशीत तोंड खुपसून पडली होती. "डू लाख्स्ट आउख," म्हणाली. तूपण हसतेस. मग अर्धं जर्मन, अर्धं मराठी करत सगळं बाहेर आलं.

वर्गात एकदा प्रोजेक्टर लावायचा होता. बाईंनी विचारलं, आधी काय करायला हवं? इराने हात वर करून सांगितलं, "लिख्त त्सूमाखन," म्हणजे लाइट बंद करायचा. आता जर्मनमध्ये दार 'त्सू' करतात, पण लाइट मात्र 'आउस' करतात. आपल्याकडे दार बंद, लाइट बंद, नळ बंद, टीव्ही बंद... सगळ्याला एकच बंद. वर्गभर हसू पसरलं. दोन मुलं तर तिला अजून 'लिख्त त्सू' म्हणूनच हाक मारतात. तेव्हापासून तिचा हात खाली गेला तो गेलाच.

पोरीने घरातल्या मराठीचं शब्दाला शब्द ठेवून जर्मन केलं होतं, आणि त्यावर आज मीही तेच केलं होतं जे त्या वर्गाने केलं. लक्ष देऊ नकोस वगैरे म्हणण्यात काही अर्थ नव्हता... ते तिला तरी जमणार होतं का, आणि मला तरी जमतं का!

मी तिच्याशेजारी बसून विचारलं, प्राणवायूला शाळेत काय म्हणतात? उशीतून उत्तर आलं, "झाउअरश्टॉफ." म्हणजे काय? झाउअर म्हणजे आंबट, श्टॉफ म्हणजे पदार्थ. आंबट पदार्थ... मग हवा आंबट लागते का गं? तिने डोकं वर काढलं आणि चक्क जीभ बाहेर काढून बघितलं.

मग तिला खरी गोष्ट सांगितली. हे नाव ठेवणारा फार मोठा शास्त्रज्ञ होता. त्याला वाटलं, आंबट गोष्टी या वायूमुळेच आंबट होतात. साफ चुकला! हा वायू नसलेली आम्लंही असतात हे मागाहून कळलं, पण तोवर नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. ऑक्सिजनचा मूळ अर्थही तोच.

"म्हणजे सगळे चुकीचं बोलतात? बाईपण?"

रोज, म्हटलं.

"उंड कायनर लाख्ट?" आणि कुणीच हसत नाही?

कुणीच नाही.

तिने उशी बाजूला सारली. मग उठून म्हणाली, "आल्झो, मग तर... परत पेटव मेणबत्ती."

मंगळवारी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि केळं सोलता सोलता म्हणाली, "इख हाब मिख गेमेल्डेट." हात वर केला होता म्हणे! मी हातातली कणीक तशीच सोडून धावले. मग? बरोबर आलं उत्तर?

"नाही. फाल्श," असं म्हणून तिने केळ्याचा मोठा घास घेतला.

शिफारस अजून यायची आहे. काय येईल देव जाणे, धाकधूक आहेच. पण दोनशे वर्षांपूर्वी इतक्या ठामपणे चुकलेल्या त्या भल्या माणसाचे मनापासून आभार... आज मी खिडक्या पुसलेल्या नाहीत.