बारका डबा

आमच्या घरात आवाजाची कमतरता कधीच नव्हती. दहिवलीत रस्त्याला लागून घर, घराला चिकटून पप्पांचं गोडाऊन, आणि त्यात माणसाच्या उंचीचे बेसचे स्पीकर, त्यांच्यावर चढवायचे बारीक, तीक्ष्ण आवाजाचे टॉप, वायरींची वेटोळी आणि एक जनरेटर. पप्पांची साऊंड सर्व्हिस आहे. आमच्या भागात हळद ठरली की लोक भटजी मागाहून बघतात, आधी साऊंड सांगून ठेवतात. लग्नाला चारशे माणसं आली तरी चालतात, पण हळदीला बेस छातीत बसला नाही तर नवरामुलगा बिनलग्नाचा राहिल्यासारखी तोंडं होतात.

अशा घरात मला इलेक्ट्रिक गिटार वाजवायला एक साधा अ‍ॅम्प मिळेना. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते हेच.

गिटार मी खोपोलीच्या एका कंपनीच्या कॉलनीतून आणली होती. तिथला एक मुलगा परदेशी निघाला होता आणि आईवडिलांनी त्याची खोली रिकामी करायला काढली होती. कशेळ्याला मी कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवते, त्या पगारातून ती घेतली. घरी आणून तारा छेडल्या तेव्हा कळलं, की या गिटारीला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. डब्याला रबर बांधून ओढावं तसं काहीतरी वाजतं. तिला अ‍ॅम्प लागतो, आणि शिकणाऱ्या माणसाला तो बारकाच लागतो. बारक्या अ‍ॅम्पचा सगळा गुण एकच असतो: तुमच्या चुका खोलीतल्या खोलीत राहतात.

हे पप्पांना पटवणं म्हणजे मासे विकणाऱ्याला वास नसलेलं दुकान थाटायला सांगणं. त्यांच्या धंद्यात आवाजाचं माप एकच, कुठवर जातो. नवीन बेस आणला की एका माणसाला बाईकवरून नदीच्या पुलापलीकडे पाठवायचं, त्याने तिथून फोन करायचा, आणि पप्पांनी ओरडून विचारायचं, ‘आला का?’ आला म्हटलं की माल चांगला. चाल कुठली, सूर कसा, हे विचारणारं गिऱ्हाईक त्यांच्या आयुष्यात भेटलेलं नाही. भेटलं असतं तर त्याला त्यांनी भजनी मंडळाचा पत्ता दिला असता.

माझी मागणी ऐकून ते म्हणाले, की घरात एवढा माल पडलाय आणि तू डबा विकत आणणार? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतः माझी गिटार मिक्सरला लावली, मशीन चालू केलं, गोडाऊनच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि बसले. अ‍ॅम्प्लिफायरला या धंद्यात मशीनच म्हणतात. मी पहिली तार छेडली आणि समोरच्या पिंपळावरचे सगळे कावळे उठले.

तेव्हापासून पावसाळाभर, हळदी नव्हत्या तोवर, माझं शिकणं अख्ख्या दहिवलीने ऐकलं. हळदीत हमखास वाजते ती एक चाल मी शिकत होते. तिच्या तिसऱ्या ओळीत बोट गिटारीच्या दांडीवर एक घर वर न्यायचं असतं, आणि माझं बोट रोज त्याच जागी खाली घसरायचं. एकट्याने खोलीत शिकणाऱ्याला चुकायची मुभा असते. मला नव्हती. मी चुकले की मधल्या आळीत कुणाची तरी म्हातारी ‘गेली’ म्हणायची, आणि ते मला आमच्या अंगणात ऐकू यायचं.

गाव दुष्ट नसतं म्हणणारे लोक गावात राहत नसतात. आठवड्याभरात ती चुकलेली ओळ पाठ झाली, मला नाही, गावाला. नळावरच्या बायका भांडी घासताना ती चाल गुणगुणायच्या आणि तिसऱ्या ओळीत मुद्दाम खाली घसरून एकमेकींना कोपर मारायच्या. कशेळ्याच्या जीपचा ड्रायव्हर मी आत बसले की शीळ घालायचा, त्याच ठिकाणी मोडून. जीपमधले लोक खिडकीबाहेर बघत हसायचे, म्हणजे माझ्या तोंडावर न हसण्याएवढी सभ्यता त्यांनी पाळली. मला बघायला एका घरची मंडळी आली होती, त्यातली मुलाची आई माझ्या आईला म्हणाली, की तुमच्या मुलीला बघायच्या आधीच ऐकलं हो आम्ही, मागच्या आठवड्यात इकडच्या बाजूला आलो होतो तेव्हा. आई कसनुशी हसली. त्या लोकांचा होकार आला नाही, आणि आईने तो दोष कित्येक दिवस गिटारीला दिला.

मी पप्पांना आवाज कमी करा म्हणायचे. ते मान डोलवायचे आणि मिक्सरवरचं बटण वर सरकवून विचारायचे, ‘अजून वर घेऊ?’ मला त्यांचा इतका राग यायचा, की जेवताना त्यांच्याकडे बघवायचं नाही. मला वाटायचं, या माणसाला मुलीच्या लाजेपेक्षा आपल्या बेसची जाहिरात मोठी आहे. रोज त्या खुर्चीत बसून, डोळे अर्धे मिटून, मांडीवर बोटांनी ठेका धरून ते ऐकायचे. तिसरी ओळ घसरली तरी ठेका हलायचा नाही. एवढा वेळ मोडकंतोडकं ऐकून कुणाला इतकं समाधान कसं होतं, हे मला समजत नव्हतं.

त्यांच्याकडे काम करणारी दोन माणसं मागून कुजबुजायची, की शेठ हल्ली टॉप फार चढवतात, आवाज सुरीसारखा लागतो, उन्हाळ्यातल्या एका हळदीत पाहुण्यांनी कानात कापूस घातला. मी तेही धंद्याची फॅशन म्हणून सोडून दिलं. पप्पा घरात ओरडूनच बोलतात, टीव्ही ओरडतो, फोन स्पीकरवर असतो. साऊंडवाल्याच्या घरात दुसरं काय असणार?

तुळशीचं लग्न झालं आणि सीझन उघडला. सगळा माल टेंपोत चढून रोज कुठे ना कुठे जाऊ लागला, आणि माझी गिटार भिंतीला टेकून मुकी बसली. गावाला बरं वाटलं असेल. मला मात्र चैन पडेना. बोट आता कुठे वर जायला लागलं होतं. मी चिडचिड करायला लागले, क्लासातल्या पोरांवर खेकसायला लागले. शेवटी आईच पप्पांना म्हणाली, की तिला तो काय डबा हवाय तो घेऊन द्या, निदान मोठे बेस परत आले तरी ती त्यांना हात लावणार नाही आणि गावाला विसावा मिळेल. आईचं माझ्यावर प्रेम आहे, ते ती असंच दाखवते.

पप्पांनी बजेट सांगितलं: एका हळदीला जनरेटर जेवढं डिझेल पितो, तेवढं. त्यात नवा घ्यायचा तर अगदी बारका येणार होता, आणि मोठा घ्यायचा तर वापरलेला. रिकाम्या टेंपोने आम्ही पनवेलला एका वाद्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदार तरुण होता आणि त्याला आपल्या धंद्याचं कौतुक होतं. त्याने बजेट ऐकून दोन अ‍ॅम्प समोर ठेवले. एक नवा, स्टीलच्या मोठ्या डब्याएवढा, हेडफोनची सोय असलेला. दुसरा कुणीतरी वापरून विकलेला, त्याच्या दुप्पट आकाराचा, हेडफोनचं भोक खराब झालेला, पण आवाजाला दणकट. किंमत साधारण सारखीच. पप्पांनी बारक्याकडे बघून विचारलं, की यावर किती बेस चालतील. दुकानदाराला वाटलं काका गंमत करतायत, म्हणून तो हसला. पप्पा गंमत करत नव्हते.

त्याने दुकानातली एक गिटार बारक्याला लावली आणि माझ्या हातात दिली. घरी एवढ्यावर वाजवायचं, असं सांगत त्याने बटण थोडंसं फिरवलं. मी तीच चाल सुरू केली. काय सांगू, पहिल्यांदाच मला माझी बोटं ऐकू आली. प्रत्येक तार वेगळी, कुठे बोट नीट दाबलं नाही तेही कळत होतं, आणि सगळं हातभर अंतरात. तिसरी ओळ आली. बोट वर गेलं. मी पप्पांकडे बघितलं.

ते अ‍ॅम्पसमोर कमरेत वाकून उभे होते, वाट बघत.

‘चालू तरी कर की रं,’ ते दुकानदाराला म्हणाले.

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी वाजवायची थांबले नव्हते.

‘चालूच आहे, काका.’

पप्पांनी अ‍ॅम्पवरचा पेटलेला लाल दिवा बघितला. मग माझा तारांवरचा हात बघितला. काउंटरमागे बसलेल्या बाईंनी हसू दाबलं, ते मात्र त्यांना नीट दिसलं. त्यांची मान आणि कान हळूहळू लाल झाले. मग ते नेहमीच्या ओरडत्या आवाजात म्हणाले, की याच्यात दम नाय, दुसरा लाव.

दुसरा लावला. दुकानदार शहाणा होता, त्याने न विचारता बटण अर्ध्याच्या वर नेलं. काचेच्या कपाटातल्या बासऱ्या थरथरल्या. पप्पांचा चेहरा असा उघडला, की तसा मी कधी बघितला नव्हता. त्यांचं बोट मांडीवर ठेका धरायला लागलं.

‘हा घे गं,’ ते म्हणाले. ‘याचं ऐकू येतं.’

हे वाक्य ते हळू बोलले. माझे वडील कुठलीच गोष्ट हळू बोलत नाहीत.

तेव्हा मला सगळं उलगडलं. चढवलेले टॉप, ओरडणं, ‘अजून वर घेऊ?’, ती खुर्ची. मला ऐकायला त्यांना दुसरी वाटच नव्हती. पावसाळाभर दहिवलीला माझी फजिती ऐकवली गेली ती एका माणसाला आपली मुलगी ऐकता यावी म्हणून, आणि अख्ख्या गावात माझी चूक ही चूक आहे हे ठाऊक नसलेला तोच एक माणूस होता.

अशा वेळी माणसाला दया यावी. मला राग आला. त्यांनी हे लपवलं, आणि लपवण्याची किंमत जीपमध्ये, नळावर, पोह्यांच्या बशीसमोर मी भरली. मोठा अ‍ॅम्प घेतला असता तर तीच खुर्ची माझ्या खोलीच्या दारात आली असती आणि तेच बटण पुन्हा वर गेलं असतं. हे मला लख्ख दिसत होतं. त्यांचा चेहराही दिसत होता.

‘मला बारकाच पायजे, पप्पा.’

‘का गं? याला काय झालं?’

‘बारक्याचं कुणाला ऐकू जात नाय,’ मी म्हणाले. ‘म्हणून.’

त्यांना शब्द ऐकू गेले की ओठ वाचून कळलं, कुणास ठाऊक. त्यांनी मान डोलवली, पैसे दिले, घासाघीसही केली नाही. बाहेर येऊन त्यांनी तो डबा टेंपोच्या मागच्या रिकाम्या हौद्यात ठेवला आणि मोठा बेस बांधतात तसा दोन दोऱ्यांनी आवळून बांधला. मांडीवर मावेल एवढी ती वस्तू. 

आईला हे सगळं आधीपासून माहीत होतं, हे घरी आल्यावर कळलं. तिने त्यांना खोपोलीला कानाच्या डॉक्टरकडे नेलंही होतं, आणि डॉक्टरने यंत्र घ्यायला सांगितलं होतं. पप्पा म्हणाले होते, ‘कानात मशीन घातलेल्या माणसाला हळद कोन देनार?’ आईने डॉक्टरची चिठ्ठी कपाटात ठेवून दिली. आणि खरंच कुणीच देणार नाही. आमच्या गावाने माझ्या एका घसरलेल्या बोटाचं काय केलं ते मी बघितलंय, बहिऱ्या साऊंडवाल्याचं काय करतील ते वेगळं सांगायला नको.

बारक्यावर मी चार दिवसांत तिसरी ओळ सरळ केली. नुसती चुकायची मोकळीक मिळाली, आणि बोट जाऊन बरोबर बसलं. आता मला पुष्कळ काही येतं, आणि ते चांगलं येतं, हे मी नम्रतेची भानगड न करता सांगते. हेडफोन लावून वाजवते, घरात तारांच्या टकटकीपलीकडे काही ऐकू येत नाही. जीपवाल्याने मध्ये विचारलं, की बंद केलंस काय गं? मी हो म्हणाले.

पप्पा कधीकधी चहा घेऊन खोलीच्या दारात उभे राहतात आणि माझ्या बोटांकडे बघतात. ‘वाजतंय ना?’ विचारतात. वाजतंय म्हणते. सीझन संपल्यावर त्यांनी एकदा विचारलं, मोठ्यावर लावू का एकदा? मी नको म्हणाले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. आजही मी पनवेलच्या त्या दुकानात असते तर बारकाच उचलला असता. त्यांच्याकडे बघून वाईट वाटतं, तरीही.

सकाळी ते गोडाऊनच्या दारात बसून रात्रीच्या हळदीहून आलेल्या वायरी गुंडाळतात आणि ती चाल गुणगुणतात. गुणगुणतात म्हणजे मोठ्याने गातात, त्यांना वाटतं गुणगुणतोय. ठेका पक्का, आणि तिसऱ्या ओळीत बरोब्बर माझ्या जागी खाली घसरतात, कारण त्यांनी माझं ऐकलं ते तेवढंच, आणि ते त्यांनी नीट ऐकलं. पाण्याला चाललेल्या बायका एकमेकींना कोपर मारून हसतात. पप्पांना वाटतं चाल आवडली, ते त्यांना हात करतात. मी खिडकी लावून घेते.