धोंडीरामची पोटरी आणि पेठची गाडी

धोंडीराम सांगळे चिडला की आधी गप्प बसायचा आणि मग समोर येईल त्याला झापायचा. गेले दोन महिने समोर फक्त बायको, लताबाई. तिच्यापुढे आवाज चढवायची त्याची उभ्या संसारात छाती झाली नव्हती. म्हणून तो आपल्या डाव्या पोटरीवर चिडायचा.

सव्वीस वर्षं एसटीचा ड्रायव्हर, त्यातली चौदा नाशिक-पेठ गाडीवर. घाटातलं कुठलं वळण कितव्या गिअरात घ्यायचं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. अशा माणसाचा पाय केबिनमधून साधं खाली उतरताना मुरगळावा आणि पोटरीचा स्नायू फाटावा, याला काय म्हणायचं? तोही डावा, क्लचचा. डेपोच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "महिनाअखेरच्या तपासणीत फिट नसलास, तर पेठची गाडी त्या नव्या ड्रायव्हरकडे, प्रफुल्लकडे. तू गेटवर."

गेटवर म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर लिहीत बसायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तो लताबाईला रोज सांगायचा.

मग सुरू झाली घाई. सूज दिसली की त्याचं डोकं फिरायचं. मेडिकलमधून सूज उतरवायच्या गोळ्या आणायच्या, दिवसाला तीन-तीन गिळायच्या, वर बर्फ. सूज ओसरली, ठणका थांबला की पाय बरा झाला म्हणून शेजाऱ्याच्या टेम्पोत बसून क्लच दाबून बघायचा. पुन्हा कळ, पुन्हा सूज, पुन्हा गोळ्या. तीनदा हेच झालं. तिसऱ्यांदा लताबाईनं त्याला रिक्षात घातलं आणि फिजिओथेरपीवाल्या स्नेहाताईंकडे नेलं.

स्नेहाताई त्याच्या मुलीच्या वयाची. पोटरी दाबून बघत म्हणाली, "काका, सुजेशी भांडण काय तुमचं? स्नायू फाटला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावतात. पहिल्या येतात त्या फाटलेलं, मेलेलं उचलतात. त्यांच्यामागून येणाऱ्या आधी साफसफाईच करतात, मग काम बदलतात आणि स्नायूच्या मूळ पेशींना जागं करतात, की आता नवं बांधा. सूज ही त्यांच्या कामाची खूण. एखाद-दोन दिवस गोळी घेणं वेगळं. तुम्ही दोन महिने त्यांना कामच करू देत नाही, आणि अर्धवट जागेवर जोर टाकता."

"पण ताई, दुखायचं थांबतं ना. मंग बरंच झालं म्हनायचं."

"दुखणं थांबलं म्हणजे काम झालं असं नाही, काका."

धोंडीराम तोंड वाकडं करून बसला. तेवढ्यात लताबाई शांतपणे म्हणाली, "घाटात दरड पडली तवा त्या जीपवाल्याची चावी तुम्हीच काढून घेतली व्हती ना?"

झालं. ही गोष्ट त्यानंच शंभरदा सांगितली होती. अर्धा ढिगारा उपसलेला, वाट मोकळी दिसतेय म्हणून जीपवाला घुसत होता. यानं चावी हिसकावली आणि ओरडला होता, "आधी जेसीबी, मंग मुरूम, मंग रोलर. तवर कोनी हालायचं नाय." पाच तास अख्खा रस्ता त्यानं अडवून धरला होता.

त्या दिवसानंतर तो मुकाट्यानं स्नेहाताईंनी सांगितलेला व्यायाम करू लागला. चिडचिड मात्र तसूभर कमी झाली नाही.

डेपोतल्या तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी डाव्या पायानं आपल्या तळहातावर जोर द्यायला लावला. जोर नीट लागला. डॉक्टरांनी पेन उचललं आणि विचारलं, "दुखतंय का?"

सव्वीस वर्षांच्या नोकरीत या प्रश्नाला त्याचं एकच उत्तर होतं, "नाय साहेब." ते ओठांवर आलंही. खिडकीतून पेठची गाडी दिसत होती, प्रफुल्ल काच पुसत होता.

"दुखतंय साहेब," धोंडीराम म्हणाला. "अजून तीन आठवडे तरी लागतील."

बाहेर बाकावर लताबाई बसली होती. त्यानं खिशात लपवून ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि तिच्या हातावर आपटलं. पेठची गाडी त्यांच्यासमोरून वळून फाटकाबाहेर गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला.

"त्या जीपवाल्यानं मला लय शिव्या घातल्या व्हत्या," तो म्हणाला. "का घातल्या, ते आज कळलं."