चुंबक बंद, प्रकाश वळलेला

पोळ्यानंतरचा पहिला सोमवार: चुंबक बंद असताना प्रकाश वळला. दसऱ्यापूर्वीचा गुरुवार: चौकशी समितीसमोर तो वळला नाही. दिवाळीची सुट्टी संपली तो दिवस: संध्या राठोड या माझ्या विद्यार्थिनीची पीएच.डी. नोंदणी ‘बनावट निरीक्षणे’ या कारणाने रद्द झाली. जबाबदार तिघे: समितीचे अध्यक्ष, आमचे प्राचार्य आणि समितीचे सचिव म्हणून बसलेले आमचे विभागप्रमुख. मी आता निवृत्त आहे, गप्प नाही.

आमची प्रयोगशाळा वणीतील एका बंद जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, कचेरीत होती. कापसाच्या त्या पडत्या वर्षांत जिनिंग बसली आणि महाविद्यालयाने ती जागा भाड्याने घेतली. खिडक्यांना काळे कापड लावलेले. जवळच्या कोळसा खाणीत सुरुंग उडाला की छतातून जुन्या कापसाचा एखादा तंतू खाली तरंगत येई आणि लेझरच्या लाल रेषेत क्षणभर पेटल्यासारखा दिसे.

आमचे सॅम्पल बिस्मथ सेलेनाइडचे. हा पदार्थ विजेला आतून अडवतो, पृष्ठभागावरून मात्र वाहू देतो. तेथील इलेक्ट्रॉन वस्तुमान नसल्यासारखे धावतात. अशा पदार्थांना टोपोलॉजिकल म्हणतात. प्रकाशाची लाट एका ठराविक प्रतलात हलते. चुंबकीय क्षेत्रातील सॅम्पलवरून परतताना ते प्रतल किंचित वळते. त्या वळणावरून इलेक्ट्रॉनांचे वागणे कळते. आमचे चुंबक विजेवर चालणारे: करंट बंद, तर चुंबक बंद; चुंबक बंद, तर वळण शून्य.

“सर, करंट बंद केला. तरी लाइट वळलेलाच आहे,” संध्या म्हणाली.

“गाउसमीटर?” हे क्षेत्र मोजण्याचे उपकरण.

“सॅम्पलपाशी शून्य दाखवून राह्यलं.”

करंट उलट दिशेने देऊन पुन्हा बंद केला. प्रकाश आता उलट बाजूला वळून थांबला. शेवटची आज्ञा लक्षात ठेवल्यासारखा.

शिपाई बाबाराव उंबरठ्यावरच थांबला. “मी अंदर नाही येत जी. जिनिंगच्या मालकाचा जीव अटकला हाय इथं.”

“मालक पुण्यात फ्लॅटमध्ये राहतात, बाबाराव.”

“मंग तं अजून वाईट! जित्त्या माणसाचं भूत.”

संध्याने अहवालात प्रामाणिकपणे लिहिले: कारण अज्ञात, तपासणी आवश्यक. त्यावर तपासणी नव्हे, चौकशी बसली. समितीसमोर तिने करंट बंद केला. आकडा शून्य. पुन्हा केला. शून्य. अध्यक्ष हसले, “मॅडम, तुमचं भूत आम्हाला घाबरलं वाटतं.”

त्यानंतरच्या सोमवारी वळण परत आले. अंधारात संध्या हळूच म्हणाली, “सर, ते आपल्याले पाहून राह्यलं. आपण दोघंच असलो की येतं.” मला हसू आले नाही.

नोंदणी रद्द झाल्यावर मी सॅम्पल काढून तेथे साधा आरसा ठेवला. वळण कायम. म्हणजे दोष सॅम्पलमध्ये नव्हता, वाटेत कुठेतरी होता. मी हातात होकायंत्र घेऊन टेबलाभोवती फिरलो. प्रकाशाच्या वाटेतील भिंगापाशी सुई अचानक खाली खेचली गेली. अॅल्युमिनिअमच्या टेबलाखाली हात घातला. लाल फडक्यात बांधलेले काहीतरी थंड हाताला लागले. काळ्या घोड्याची नाल.

ती विभागप्रमुखांनी श्रावणी शनिवारी, विभागाच्या भल्यासाठी बांधली होती. शेजारच्या चुंबकाने ते लोखंडही चुंबक होई आणि शेवटची दिशा धरून ठेवी. चुंबकीय क्षेत्रात भिंगाची काचही प्रकाशाचे प्रतल वळवते. आम्ही मोजत होतो फक्त सॅम्पलपाशी.

“मग समितीसमोर काय झालं होतं?” मी त्यांना विचारले.

“बाहेरची माणसं येणार होती, सर. सायन्सवाल्यांकडे नाल पाहिली असती तर इज्जत गेली असती. म्हणून काढून ठेवली.”

“अन् परत काहून लावली?”

“शनिवार होता ना.”

ज्याने पुरावा काढून ठेवला, तोच सचिव म्हणून अहवालावर सही करतो. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व याला मान्यता देत नाही. तिघांनाही मी आरसा आणि नाल घेऊन प्रयोग करून दाखवला. तिघांनीही पाहिले. “निर्णय झालेला आहे,” प्राचार्य म्हणाले. संध्या मुकुटबनच्या शाळेत शिकवू लागली. तिच्या नावापुढचा ‘बनावट’ हा शब्द आजही तसाच आहे. या प्रकरणातून मी शिकलो ते एवढेच: माणसाला दोषी ठरवण्यापूर्वी टेबलाखाली वाकून पाहावे.

ती नाल आज माझ्या मेजावर आहे. होकायंत्र कोठेही ठेवले तरी त्याची सुई हळूहळू तिच्याकडेच वळते. अध्यक्षमहोदय, गुरुवारी ही नाल कोठे होती आणि संध्या राठोड खोटी कशी ठरली, याचे उत्तर जाहीरपणे, आपल्या नावानिशी द्या.